पंपाचे बटण आणि टाकीतले पाणी

वाचकाचे पत्र, थोडे संक्षेपाने:

«मी मुलुंडला राहते. वय ४३. फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. गणपतीच्या सुमारास मला डेंग्यू झाला होता. त्यानंतर महिनाभराने कार्यालयातील आरोग्य शिबिरात रक्त तपासले, तेव्हा टीएसएच ६.८ आला आणि आकड्यापुढे चांदणी छापलेली होती. रक्त घेणारा मुलगा म्हणाला, "थायरॉइड वाढलाय." जाऊबाई म्हणतात, वाढलेला नाही, कमी झाला आहे, त्यांच्या स्वतःच्या थायरॉइडच्या १०० च्या गोळ्या आहेत, त्यातली अर्धी-अर्धी घे असा त्यांचा आग्रह आहे. शेजारच्या वहिनींचे म्हणणे, वाढला असेल तर आयोडीनचे मीठ बंद करून सैंधव वापर आणि कोबी-फ्लॉवर सोड. दिवाळीपासून माझे केस मूठमूठ गळत आहेत, थकवा जात नाही, वजन ३ किलोंनी वाढले आहे. केसांसाठी बायोटिनच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. माझी मुलगी १६ वर्षांची आहे. तिची पाळी दोन-दोन महिन्यांनी येते आणि सोनोग्राफीत पीसीओडी लिहून आले. आम्हा दोघींचेही हार्मोन्स बिघडले आहेत का? मोबाइलवर ३० दिवसांच्या "हार्मोन बॅलन्स" काढ्याची जाहिरात सारखी येते, तो घ्यावा का? मुळात या ग्रंथी काम कशा करतात, हे आम्हाला कोणी नीट सांगतच नाही.

ता. क. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांसाठी ओळखीतल्या एकाने आणून दिलेल्या पुड्या त्या वर्षभर घेत होत्या आणि त्यांना गुणही छान आला होता. पण चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसू लागला म्हणून दहा दिवसांपूर्वी आम्ही त्या बंद केल्या. तेव्हापासून त्यांना उठताना चक्कर येते, मळमळते, जेवण जात नाही. वयामुळेच असेल ना?»

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही ताजा कलमात घातली आहे. पत्र मिळाल्या दिवशीच मी तुम्हाला दूरध्वनी करून सासूबाईंना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगितले होते. तरीही हा भाग येथे पुन्हा लिहितो, कारण अशा पुड्या अनेक घरांत असतात आणि त्या आणणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. सांधेदुखीवर झटपट गुण देणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत. वर्षभर पुड्या घेणे, दुखणे जादूसारखे थांबणे, चेहरा गोल होणे आणि पुड्या बंद करताच चक्कर, मळमळ व अन्नावरची वासना जाणे, हा क्रम ऐकल्यावर वयाला दोष देण्याआधी स्टेरॉइडचा संशय घेतलाच पाहिजे.

असे का होते, ते समजले की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरे आपोआप मिळतील. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची अधिवृक्क ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करते, आणि रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी रक्तातील साखर सांभाळणे, आजारपणाचा ताण पेलणे ही कामे त्यावर अवलंबून असतात. परंतु ही ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस आपल्या खालच्या पीयूषिका ग्रंथीला, म्हणजे पिट्युइटरीला, सूचना देतो. पीयूषिका एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते. आणि त्या हुकमावर अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल आले की वरच्या दोघांना ते जाणवते आणि हुकूम सैल पडतो. बाहेरून गोळीच्या किंवा पुडीच्या रूपाने स्टेरॉइड येत राहिले, तर मेंदूला ते आपलेच कॉर्टिसॉल वाटते. मग हुकूम महिनोन्‌महिने निघतच नाही आणि काम न मिळालेली ग्रंथी आक्रसते. पुडी एका दिवसात बंद करता येते, पण निजलेली ग्रंथी एका दिवसात जागी होत नाही. तिला काही आठवडे, कधी कधी कित्येक महिने लागतात. या मधल्या काळात ताप आला, उलट्या झाल्या किंवा एखादी शस्त्रक्रिया करावी लागली, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना उरलेल्या पुड्या सोबत न्या आणि त्या किती दिवस घेतल्या ते सांगा. ते बहुधा सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी सांगतील; ही वेळ महत्त्वाची आहे, कारण निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटे चढत जाऊन सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी तळाला जाते, त्यामुळे संध्याकाळच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. प्रकृती फारच ढासळली असेल, तर ते तपासणीच्या निकालासाठी न थांबता उपचार सुरू करतील आणि ते योग्यच असेल. तुम्ही पुड्या बंद केल्या यात तुमचा दोष नाही. बंद करायलाच हव्या होत्या, फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने. याच कारणासाठी दमा किंवा संधिवातावर डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही, तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतल्या असतील, तर हे वाचून घाबरून एकदम थांबवू नयेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. शरीरात ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. लाळ, घाम, अश्रू यांच्या ग्रंथींना नलिका असते आणि त्यांचा स्राव ठरलेल्या जागी पोहोचतो. अंतःस्रावी ग्रंथींना नलिका नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. रक्तातून मिळणाऱ्या अशा निरोपाचा निर्विवाद पुरावा १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दिला. त्यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाच्या सर्व नसा तोडल्या आणि त्यात आम्ल घातले. नसा तुटलेल्या असूनही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. मग आतड्याचे आतले अस्तर खरवडून, आम्लात घोटून, गाळून त्यांनी ते रक्तवाहिनीत टोचले, तेव्हाही तेच घडले. निरोप नसांवाटे गेलेला नव्हता, रक्तातून गेला होता. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी हार्मोन हा शब्द वापरला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ चालना देणे असा आहे. आपला संप्रेरक हा शब्द नेमका तोच अर्थ सांगतो, आणि मला तो अधिक आवडतो, कारण हार्मोन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उगाचच काहीतरी गूढ उभे राहते.

रक्तात सोडलेला हा निरोप डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे जातो. मात्र ज्या पेशींवर तो ओळखणारे ग्राही असतात, त्याच पेशी हालचाल करतात. दादर स्थानकावर बदलापूर जलदची घोषणा हजारोंच्या कानावर पडते, पण जिन्याकडे धावतात ते बदलापूरच्या बाजूचेच. प्रमाणही किती अल्प असावे, तर थायरॉक्सिन या थायरॉइडच्या संप्रेरकाचा जो मुक्त अंश प्रत्यक्ष काम करतो, तो मोजताना ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे माप वापरावे लागते. इतक्या बारीक द्रव्याचा तोल शरीर कसे राखते, हा खरा पाहण्यासारखा भाग आहे.

त्यासाठी मी तुम्हाला तुमच्या इमारतीच्या गच्चीवर नेतो. पालिकेचे पाणी ठरावीक वेळी तळटाकीत येते, तेथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि पंपाचे बटण वॉचमनच्या हाती असते. टाकीतली पातळी उतरली की तो बटण दाबतो. टाकी भरत आली की बंद करतो. या व्यवस्थेत गच्चीवरचे पाणी म्हणजे तुमच्या रक्तातील थायरॉइडची संप्रेरके, टी-४ (हेच थायरॉक्सिन) आणि टी-३. पंप म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून बसलेली, पंधरा-वीस ग्रॅमची थायरॉइड ग्रंथी. वॉचमन म्हणजे वाटाण्याएवढी पीयूषिका, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे हायपोथॅलॅमस. टीएसएच हे पाणी नाही आणि पंपही नाही. ते बटण किती वेळ दाबून ठेवावे लागते, याचे माप आहे. टीएसएच हे संप्रेरक थायरॉइड बनवतच नाही, पीयूषिका बनवते.

आता रक्त घेणाऱ्या मुलाचे वाक्य पुन्हा वाचा. वाढला आहे तो टीएसएच, म्हणजे वॉचमनला बटण नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून ठेवावे लागत आहे. ते पंप थोडा थकला आहे म्हणून. टाकीत पाणी जास्त झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणजे दिशा जाऊबाईंनी बरोबर ओळखली, फक्त त्यांचा उपाय चुकीचा आहे. उलट ग्रेव्ह्ज या आजारात शरीराचीच प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) थायरॉइडच्या ग्राहीवर बसून तिला चेतवत राहतात. जणू कोणी पंपाला परस्पर तार जोडून दिली आहे, वॉचमनने बटण केव्हाच बंद केले आहे, पण टाकी ओसंडून वाहते आहे. तेथे टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-४ जास्त असतो. क्वचित वॉचमनच आजारी पडतो, म्हणजे पीयूषिकेलाच इजा होते. तेव्हा टाकी रिकामी असूनही बटण बंदच राहते, आणि केवळ टीएसएच पाहणाऱ्याला सारे आलबेल दिसते. म्हणूनच टीएसएचचा एकटा आकडा हे अर्धेच संभाषण आहे. बटण आणि पाणी दोन्ही पाहावे लागतात, आणि पाणी मोजायचे तर फ्री टी-४ ची, म्हणजे मुक्त थायरॉक्सिनची, तपासणी लागते. शिबिरांच्या स्वस्त पॅकेजमध्ये ती बहुधा नसते. तुमच्या अहवालातही नाही.

टीएसएच इतका लवकर का चढतो, हेही समजून घ्या. टी-४ किंचितही उतरला तरी टीएसएच कित्येक पटींनी वर जातो. पीयूषिका अतिशय हळवी पहारेकरी आहे. त्यामुळे टी-४ अजून सामान्य मर्यादेत असताना टीएसएच आधीच वाढलेला दिसतो. या अवस्थेला डॉक्टर सबक्लिनिकल म्हणतात, म्हणजे पंप थोडा दमला आहे पण जादा वेळ चालून टाकी भरतो आहे. शिवाय प्रयोगशाळेने छापलेली ०.४ ते ४ च्या आसपासची मर्यादा ही निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून काढलेली असते. चांदणी म्हणजे आजाराचा शिक्का नव्हे, आणि वय वाढते तशी ही वरची मर्यादाही सरकते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी शिबिरात कोणी विचारली नसावी. रक्त तपासले ते डेंग्यूनंतर महिनाभराने. मोठ्या तापातून किंवा गंभीर आजारातून उठताना टीएसएच काही काळ चढतो आणि आपोआप खाली येतो. शरीर आजारपणात थायरॉइडचे काम मंदावते आणि बरे होताना पुन्हा वेग देते, त्याचा तो परिणाम असतो. म्हणजे ६.८ हा आकडा थायरॉइडच्या कायमच्या दुखण्याचा असू शकतो, तसाच सरत्या तापाच्या शेपटाचाही असू शकतो, आणि या दोन्हींतला फरक केवळ दुसरी तपासणी सांगेल. पहिल्या तपासणीला आता दोन महिने होऊन गेले आहेत, तेव्हा ती करण्यास हरकत नाही.

ती करताना टीएसएचबरोबर फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ प्रतिद्रव्ये तपासून घ्या. ही प्रतिद्रव्ये आढळली, तर शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडला हळूहळू पोखरत असल्याचा संभव असतो. हा आजार जपानी शल्यविशारद हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये प्रथम वर्णन केला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. रक्त शक्यतो सकाळी आणि पुढेही दर वेळी त्याच सुमारास द्या, कारण टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. आणि बायोटिनच्या कॅप्सूल तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिन हेच एक रसायन म्हणून वापरलेले असते. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसू शकतो. केसांच्या गोळीमुळे माणसाला नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर लागलेला मी पाहिला आहे.

केसांबद्दल माझा अंदाज असा की त्यात थायरॉइडचा हात फारसा नसावा. मोठ्या तापानंतर असंख्य केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. गणपतीत डेंग्यू आणि दिवाळीपासून केसगळती, हा हिशेब तंतोतंत बसतो. हे केस बहुधा सहा महिन्यांत परत येतात. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या. पाळी सुरू असलेल्या स्त्रीच्या थकव्याचे कारण लोहाची कमतरता हे पुष्कळदा असते. आणि वजनाचे म्हणाल, तर थायरॉइडच्या खऱ्या, तीव्र कमतरतेतही वाढणारे वजन काही किलोंचेच असते आणि त्यातला मोठा भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो, ६.८ च्या टीएसएचवर ३ किलोंचा भार टाकणे अन्यायाचे होईल. पहाटे पावणेपाचला उठून डबे करणारी आणि रात्री साडेअकराला झोपणारी स्त्री, असे तुम्ही स्वतःविषयी पत्राच्या मागच्या पानावर लिहिले आहे. त्याचाही विचार करा.

आता मिठाकडे वळतो. टी-४ च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि टी-३ मध्ये तीन. ही नावेच त्यावरून पडली आहेत. प्रौढ माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदरपणात त्याहून अधिक. समुद्राकाठी राहणाऱ्यांना आयोडीन आपोआप मिळते, अशी समजूत मुंबईत फार पसरलेली आहे. मासे खाणाऱ्यांच्या बाबतीत तिच्यात थोडे तथ्य आहे, पण मिठाच्या बाबतीत नाही. तुमच्या मुलुंड-भांडुपच्या मिठागरांसारख्या जागी सुकवलेल्या मिठातसुद्धा आयोडीन नगण्यच असते. त्यावर पोटॅशियम आयोडेट वेगळे फवारावे लागते. सैंधव तर खाणीतले, आणि ते बहुधा आयोडीनविरहितच विकले जाते. उपवासापुरते वापरले तर काही बिघडत नाही, परंतु घरातले सगळे मीठ बदलून, विशेषतः १६ वर्षांची मुलगी घरात असताना, सैंधव आणणे म्हणजे थकलेल्या पंपाची तळटाकीच रिकामी करणे होय. आयोडीनच्या अभावाने काय होते, हे या देशाने पाहिलेले आहे. हिमाचलच्या कांग्रा खोऱ्यात गळ्याला गाठी असलेली माणसे घरोघरी होती. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवून पाहिले, आणि जेथे आयोडीन पोहोचले तेथे गलगंड ओसरला. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्या कामावर उभा राहिला. आपल्या डब्यातल्या साध्या दिसणाऱ्या मिठामागे एवढे सारे आहे. कोबी-फ्लॉवरचे भय मात्र सोडून द्या. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खाल्ली आणि आयोडीन पुरेसे मिळत असेल, तर तिच्याने थायरॉइडचे काही बिघडत नाही.

उपचाराविषयी साधारण धोरण असे असते. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला किंवा फ्री टी-४ कमी असला, तर बहुतेक डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी सुरू करतात. तुमच्यासारखा मधलाच आकडा राहिला, तर लक्षणे, प्रतिद्रव्ये आणि वय पाहून निर्णय होतो, आणि अनेकदा केवळ वर्षाला एक तपासणी पुरते. गर्भधारणेचा विचार असेल तर गणित वेगळे, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. गोळी लागलीच, तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहाआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर ठेवायचे, कारण त्या तिला आतड्यातच अडवतात. सकाळच्या गाडीच्या धांदलीत हे जमत नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, मात्र वेळ एकच ठेवावी. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत पुन्हा टीएसएच तपासण्यात अर्थ नाही. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात आणि वॉचमनला नव्या पातळीची सवय व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो.

मुलीकडे येतो. बीजांडकोशांवरही पीयूषिकेचाच हुकूम चालतो, एफएसएच आणि एलएच या दोन संप्रेरकांच्या रूपाने. एरवी बीजांडकोशातून इस्ट्रोजेन वाढले की वरचा हुकूम सैल होतो, टाकी भरल्यावर बटण बंद व्हावे तसा. परंतु महिन्यातून एकदा हा नियम चक्क उलटतो. वाढणाऱ्या बीजपुटकातून, म्हणजे बीज वाढवणाऱ्या इवल्या पिशवीतून, येणाऱ्या इस्ट्रोजेनची पातळी साधारण दोन दिवस उंच टिकली, की पीयूषिका हात आखडता घेण्याऐवजी एलएचचा एकच मोठा लोट सोडते आणि सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडते. भरलेली टाकी पाहून वॉचमनने आणखी जोरात बटण दाबावे, असा हा प्रकार आहे आणि तेथे माझा दृष्टांत मोडतो. तो मोडू द्यावा. ही उलटी चाल शिकायला किशोरवयीन मेंदूला वेळ लागतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ४५ दिवसांपर्यंतचे अंतर वावगे मानत नाहीत. तुमच्या मुलीची पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, म्हणजे आता तीन वर्षे होत आली आणि अंतर दोन महिन्यांचे आहे, तेव्हा तिला स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणे योग्यच आहे. पण केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून तिच्यावर पीसीओडीचे, म्हणजे बीजांडकोशांच्या विकाराचे, नाव चिकटवू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशांतही बारीक पुटके भरपूर दिसतात. त्या गाठी नसतात. वाढता वाढता मध्येच थांबलेली ती बीजपुटके असतात.

डॉक्टर विचारतील ते प्रश्न वेगळे असतील: चेहऱ्यावर किंवा छातीवर दाट केस आहेत का, मुरुमे हट्टी आहेत का, वजन झपाट्याने वाढले का, मानेच्या मागे काळसर मखमली कातडी दिसते का. ही शेवटची खूण इन्सुलिनशी निगडित आहे. पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिक बनवते, आणि हे जास्तीचे इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला भाग पाडते, त्यामुळे बीज बाहेर पडण्याचा क्रम अडखळतो. साखरेची ग्रंथी आणि पाळीची ग्रंथी अशा एकमेकींच्या कामात शिरतात, आणि म्हणूनच रोजचे चालणे-खेळणे व वेळेवरची झोप हा येथे खराखुरा उपचार ठरतो. तिचे टीएसएच व प्रोलॅक्टिनही (पीयूषिकेचे दूध आणणारे संप्रेरक) तपासले जाईल, कारण ही दोन्ही पाळी लांबवतात. घरात तिच्या वजनाविषयी जेवताना बोलू नका, एवढी एक विनंती डॉक्टर म्हणून नव्हे, मुलींचा बाप म्हणून करतो.

काढा दोघींनीही घेऊ नये. कोणत्या संप्रेरकाचा तोल तो राखणार, हे जाहिरात सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. तुमच्या एका घरात अधिवृक्क ग्रंथी बहुधा निजलेली आहे, थायरॉइड कदाचित दमलेली आहे आणि बीजांडकोश अजून शिकत आहेत. या तिघींना एकाच बाटलीतून एकच औषध लागू पडेल, असे मानायला कोणताही आधार नाही. वापरलेली संप्रेरके मोडून बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतात. त्यांना ३० दिवसांच्या मदतीची गरज नसते. शिवाय आत काय आहे ते न कळणाऱ्या औषधाचा एक अनुभव तुमच्या घराने नुकताच घेतला आहे.

सासूबाईंच्या आणि तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी दाखवायच्या असतील, तर परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे; बाह्यरुग्ण विभागाचा वार आधी चौकशी करून ठरवा आणि जुने सगळे कागद सोबत न्या. तुमचे नवे अहवाल आले की टीएसएच आणि फ्री टी-४ हे दोन्ही आकडे मला कळवा. तोपर्यंत जाऊबाईंच्या गोळ्या त्यांना परत करा. त्यांची मात्रा त्यांच्या पंपाच्या हिशेबाने ठरलेली आहे. तुमची टाकी भरलेलीच असेल, तर वरून ओतलेल्या थायरॉक्सिनने छातीत धडधड सुरू होईल, आणि दीर्घकाळात हाडेही ठिसूळ होतील. आणि दोघीजणी एकाच बाटलीतून घेऊ लागलात, तर महिनाअखेरीस त्यांच्या स्वतःच्याच गोळ्या चुकतील.